एका कान्याचं अंतर

“अब्बा, मैं जरा फ्रेश हो के आता,” असं म्हणून माझा मुलगा नजीर न्हाणीघरात गेला आणि आतून कडी लावली. तो पुण्याहून सकाळच्या गाडीनं आला होता. सॅक खुर्चीवर, बूट उंबऱ्यापाशी, दादीला सलाम आणि लगेच फ्रेश. मी पेपर वाचत बसलो होतो. पहिल्या पानावर लातूरला रेल्वेनं येणाऱ्या पाण्याचा फोटो होता, टाक्यांच्या डब्यांना कुणी तरी झेंडूचे हार घातले होते. या फ्रेश शब्दाचा मला आधीपासूनच राग आहे. सारी उमर इंग्रजी शिकवण्यात गेलेल्या माणसाला असले राग असतात, त्याला इलाज नाही. हात धुणं, तोंड धुणं, परसाकडे जाऊन येणं, केसांवरून कंगवा फिरवणं, सगळं हल्ली या एका शब्दात कोंबतात आणि वर पाहुण्यालाही तेच सांगतात. मी मनातल्या मनात त्याचं वाक्य दुरुस्त करत होतो आणि आतून आवाज आला. आधी बादलीत तांब्या बुडाल्याचा. मग काहीच नाही. मग साबण फरशीवर आपटल्याचा. पुन्हा थोडं पाणी, पुन्हा शांतता. आणि मग लाकडी झाकण मातीच्या काठावरून सरकल्याचा आवाज आला. तो आवाज या घरात फक्त असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजेनंतर येतो आणि माझ्याच हातून येतो. त्यानंतर जे पाणी पडायला लागलं ते पडतच राहिलं.

मी उठलो. दारावर थाप मारायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला, कारण दाराच्या अलीकडे, खाटेवर, माझी आई पडली होती. तिचे, हाजराबीचे, डोळे गेल्या वर्षीच कामातून गेले, पण कान असे की गल्लीच्या टोकाला टँकर वळला की आम्हाला तीच सांगते. तिच्या कानावर हे पडत होतंच. ओरडलो असतो तर काय चाललंय हे तिला कळलं असतं, आणि न ओरडता मला उभं राहवत नव्हतं. त्या वर्षी लातुरात पाणी पडण्याचा असा आवाज लग्नघरातसुद्धा ऐकू येत नव्हता. लोक भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसत होते, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, आणि माझा मुलगा दादीच्या रांजणातलं पाणी डोक्यावरून घेत होता. तांब्यावर तांब्या. तांब्या रांजणाच्या बुडाला घासल्याचाही आवाज आला, तेव्हा मी दारापासून बाजूला झालो आणि उगाच पेपरची घडी घालत बसलो.

त्या रांजणात नांदेडचं पाणी होतं. ते तिच्या शेवटच्या गुसलसाठी ठेवलेलं होतं, मेल्यावर तिला ज्या पाण्यानं आंघोळ घालायची ते. रांजणाच्या वरच्या कोनाड्यात तिनं कापूर आणि बोरीची सुकवलेली पानं एका पुरचुंडीत बांधून ठेवली होती. मशिदीतल्या मौलवींनी तिला दोन-तीनदा समजावलं होतं की कोणतंही पाक पाणी चालतं, नांदेडचंच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही, आणि पाणी नसेल तर मातीनं तयम्मुम, म्हणजे कोरडी शुद्धी, करूनही मय्यत दफन करता येते. ती त्यांना अदबीनं हौ म्हणायची आणि ते गेले की मला सांगायची, मौलवीसाब परभणीकडचे, त्यांना काय कळतं. नांदेडला माझी बहीण रजिया राहते. तिच्या घरचं कुणी इकडं यायचं असलं की गाडीत पाण्याचा कॅन यायचा. जुनं पाणी आम्ही पिऊन टाकायचो, नवं रांजणात भरायचो. याला आई ‘पानी ताजा करना’ म्हणायची. हुक्का ताजा करतात, नमाजेआधी हातपाय धुऊन वजू ताजा करतात, तसं मरणाचं पाणी ताजं करायचं. रोज असरनंतर मी झाकण सरकवून एक चमचा पाणी तिच्या जिभेवर ठेवायचो. ती ते तोंडात घोळवायची आणि म्हणायची, “मीठा है.” तहान म्हणून नव्हे. पदराला बांधलेली गाठ बाई मधूनमधून चाचपते, तसं होतं ते. यंदा विष्णुपुरीच्या धरणातच तळ दिसायला लागला, रजियाच्या घरी नळ कोरडा पडला आणि कॅन यायचे बंद झाले. म्हणजे रांजणात होतं तेवढंच, त्याच्यापुढं काही नाही. आणि हा रांजण आधी बाहेर तिच्या खाटेपाशी होता. अंगणातून, ओट्यावरून लोक रात्रीत पाणी चोरायला लागले तेव्हा मीच तो उचलून आत, न्हाणीघरात नेऊन ठेवला. नजीरला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. हे मला कळत होतं आणि कळल्यामुळं राग काडीचाही कमी होत नव्हता.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी आम्ही नांदेडहून इकडं आलो. नवा जिल्हा, नवी कचेरी, नव्या शाळा, आणि एका नव्या शाळेला इंग्रजीचा मास्तर हवा होता. मी तेव्हा पंचविशीचा. ट्रकमधून सामान उतरवलं तेव्हा चौकात कमान होती, गुलाल पडलेला होता, कर्णा ओरडत होता. आईनं बुरख्याचा पदर मागं टाकून समोरच्या घरातून तांब्याभर पाणी मागून घेतलं, एक घोट घेतला आणि नव्या जिल्ह्याच्या गुलालावर थुंकला. “जिल्हा नया, पानी बेकार,” ती म्हणाली. पाणी मचूळ होतं, ते खरंच. गोदावरीच्या काठावर जन्म गेलेल्या बाईला बोअरचं पाणी म्हणजे शिक्षाच. तांब्या ज्या घरचा होता तो मलप्पा, किराणा दुकानवाला, आमच्याच वयाचा. त्याला या म्हातारीचं (तेव्हा ती म्हातारी नव्हती) थुंकणं फार आवडलं. माझं नाव निजामोद्दीन कळल्यावर तो म्हणाला, “हैदराबादचा निजाम गेला न् आमच्या बोडक्यावर लातूरचा आला.” तेव्हापासून गल्लीत मी निजाम सर. दुसऱ्या दिवशी आई दारोदार विचारत हिंडली, मीठा पानी किधर मिलता. मलप्पाच्या आईला, गुरम्माला, आमची दख्खनी कमी कळायची, कानडी आणि मराठीच जास्त. तिनं आमच्या आईला वाटीभर मीठ आणून दिलं. मीठ म्हणजे नमक, मीठा म्हणजे गोड. एका कान्याचं अंतर. आई ती वाटी हातात धरून ओट्यावर बसली आणि हसायचं सोडून रडायला लागली. मला त्या दिवशीही राग आला होता, तिच्यावर. नोकरी लागलीय, घर मिळालंय आणि ही पाण्यासाठी रडते. मी तिला तोडून बोललो नाही, एवढंच.

आतून साबणाचा वास यायला लागला. पुण्याचा कसला तरी लिंबाचा वास. म्हणजे फेस येत होता. मचूळ पाण्यात साबणाला फेस येत नाही, केसांत नुसता चिकटा बसतो आणि तो धुवायला आणखी पाणी लागतं. त्यानं बादलीतलं पाणी घेतलं असेल, साबण लावला असेल, फेस आला नसेल, मग इकडं-तिकडं पाहिलं असेल, झाकण उघडून हात घातला असेल. पाणी थंड. फेस आला. अरे वा. एवढंच झालं असेल, आणि एवढ्यात माझ्या आईचं मरण मोरीतून वाहून गटारीला लागलं. माझ्या डोक्यात हे असं चाललं होतं आणि त्याच वेळी, माणसाचं डोकं किती हलकट असतं, रिफ्रेशर आठवत होता. नांदेडला उन्हाळ्यात इंग्रजीच्या शिक्षकांचा रिफ्रेशर कोर्स असायचा. एका वर्षी शिकवायला कुठल्याशा कॉलेजातले एक टक्कल पडलेले गृहस्थ आले होते. त्यांनी पहिल्याच तासाला फळ्यावर रिफ्रेश लिहिलं आणि विचारलं, अर्थ? आम्ही सगळ्यांनी पाठ केलेलं म्हटलं, ताजेतवाने करणे. ते म्हणाले, चूक नाही, पण अर्धं. हा शब्द फ्रेंचांकडून फिरून आला, तरी मुळातला फ्रेश हा पाण्याचा शब्द आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता, खारट नसलेलं. समुद्राचं नव्हे ते पाणी. लांबची जहाजं बंदराला लागून गोडं पाणी भरून घ्यायची, त्यालाही रिफ्रेश करणंच म्हणत. म्हणजे पुन्हा गोडं करणं. पंखा गरागरा फिरत होता, बाकीचे मास्तर चहाच्या सुट्टीची वाट पाहत होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता. मी येताना रजियाच्या घरून पाण्याचा पहिला कॅन घेऊन आलो तो त्याच खेपेला. एसटीत मांडीवर धरून. घरी येऊन आईला सांगितलं, अम्मा, अंग्रेजी में ताजा का मतलब मीठा होता. ती म्हणाली, ये तो मेरेकू पहले से मालूम था, तुम्हारे कू फीस भर के बताये क्या.

तेव्हा आम्ही दोघं फार हसलो होतो. आता ते आठवून राग आणखी वाढला. कारण एका शब्दाचा तळ मला माहीत होता, मी तो वर्गावर्गांत सांगितला होता, माझ्या स्वतःच्या पोराला सांगितला होता, आणि पोरगा त्याच शब्दाचं टरफल तोंडात घेऊन आत गेला होता. फ्रेश होतो. अरे, कशानं होतोस? कुणाच्या पाण्यानं होतोस? यांना सगळं नवं करता येतं. फोन नवा, गाडी नवी, पान उघडत नसलं की बोटानं खाली ओढायचं, रिफ्रेश. यांच्या लेखी जगात जुनं पडलेलं काही नसतंच, फक्त अजून लोड न झालेलं असतं.

दार उघडलं. नजीर टॉवेल गुंडाळून बाहेर आला. चेहरा लखलखत होता, केसांतून पाणी निथळत होतं, आणि खरं सांगतो, तो इतका छान दिसत होता की त्याचाही मला राग आला. मी त्याला दंडाला धरून मागच्या दारी नेलं. आवाज चढवता येत नव्हता म्हणून मी दातांतून बोललो. त्यामुळं ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं असणार. मी म्हणालो, “वो दादी के गुसल का पानी था.” त्याला पटकन कळलं नाही. मग कळलं. चेहऱ्यावरची लखलख गेली. तो म्हणाला, त्याला वाटलं वापरायचंच असेल, न्हाणीघरात ठेवलेलं होतं म्हणून. मग म्हणाला, थोडं तरी उरलं असेल. मग जे म्हणाला ते त्यानं म्हणायला नको होतं. “पानी ही तो है अब्बा. मैं अभी जार मंगवाता ना.” आणि खिशाकडं हात नेला. खिसा नव्हता, टॉवेल होता. मी त्याला मारलं नाही. लहानपणीही कधी मारलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो की असर होईपर्यंत माझ्यासमोर येऊ नकोस. तो कपडे घालून, खाली मान घालून, बाजाराकडे निघून गेला. नजीरची आई स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातानं उभी होती, तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं त्यात बाजू पोराचीच होती.

असरपर्यंत काय करायचं, हा प्रश्न होता. झाकण सरकवल्यावर तांब्या कोरडा घासला तर तिला ऐकू जाणार. चमचा आला नाही तर ती विचारणार. आणि तिला सांगायचं काय? की तुझ्या नातवानं डोकं धुतलं? ती दुसऱ्या मिनिटाला त्याला माफ करील, आणि मग रोज असरच्या वेळी, तोंड मिटून, जाईल तोवर त्या रिकाम्या रांजणाकडं कान लावून पडून राहील. मला ते बघायचं नव्हतं. दुपारी टँकर आला. आमच्या वाट्याचं पाणी मी बादल्यांनी आत नेलं आणि रांजणात ओतलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मलप्पा मदतीला आला होता. न्हाणीघराच्या दारात थबकून तो बघत राहिला. हा माणूस रोज सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाला पाणी घातल्याशिवाय चहाही घेत नाही, आणि सणावाराला आईनं तिच्या पाण्यातला पेलाभर त्याला लिंगासाठी दिलेला आहे. त्यामुळं रांजण कशाचा ते त्याला सांगायची गरज नव्हती. “सर, हे अम्माच्या रांजणात कशाला ओतायलाव?” त्यानं हळूच विचारलं. मी नजीरचं सांगितलं. त्यानं हातातली बादली खाली टेकवली. मग म्हणाला, “माझ्या लिंगाला बी आता हेच घालायलोय मी. पांढरी पुटं चढायलीत. देवाला चालतंय. पर म्हातारीची जीभ देवाहून तिखट हाय, सर.” आणि उरलेली बादली त्यानंच उचलून ओतली.

असरची अजान झाली. आईनं पडल्या पडल्या उशाशी ठेवलेल्या मातीच्या खापरीवर हात ठेवून तोंडावरून फिरवले. वजूला पाणी नको म्हणून ती दोन महिने असंच मातीनं करत होती, आणि पाणी वाचवते म्हणून नव्हे, हातातला तांब्या आता पेलत नाही म्हणून, असं सगळ्यांना सांगत होती. नमाज झाली. नजीर आला होता आणि दाराला टेकून उभा होता. मी आत गेलो, झाकण सरकवलं, नेहमीपेक्षा जोरात, तिला ऐकू जावं म्हणून. रांजण काठोकाठ भरलेला बघून नजीरचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. त्याला वाटलं असणार, अब्बांनी कुठून तरी व्यवस्था केली. मी चमचा भरला. तिनं तोंड उघडलं. भीती नव्हती, रागच होता, कारण ज्या बाईनं पहिल्या घोटात अख्ख्या जिल्ह्याची परीक्षा केली होती तिला मी त्याच जिल्ह्याचं पाणी चोरून पाजत होतो. तिनं पाणी तोंडात घोळवलं. गिळलं. जीभ ओठांवरून फिरवली. तिच्या कपाळावर एक आठी उमटली आणि गेली.

“मीठा है,” ती म्हणाली.

नजीरनं दाराशी सुस्कारा सोडला. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट तिचाही राग आला. म्हणजे जीभ गेली हिची. मीठ आणि मीठा, दोन्ही गेलं. मग एवढी वर्षं एसटीत मांडीवर कॅन कशासाठी वाहिले? मी चमचा पुसत बसलो. तिनं नजीरला जवळ बोलावलं, हातानं त्याचं डोकं चाचपलं, केस बोटांत धरून चुरले आणि ती बोटं नाकाशी नेली. “बाल कैसे रेशम हो गये,” एवढंच म्हणाली. तो ओशाळून हसला. मी तेव्हाही काही समजलो नाही. रागावलेल्या माणसाला दिसतं कमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला परत जायचं होतं. सॅक भरून तो तिचा निरोप घ्यायला खाटेपाशी बसला. ती म्हणाली, नहाया क्या? तो म्हणाला, नाही दादी, पुण्यालाच जाऊन. कालपासून त्यानं बादलीलाही हात लावला नव्हता, पावडर मारून बसला होता. तेव्हा ती म्हणाली, “वैसा नको जाऊ. मेरे रांजण में का पानी ले. फिरेश हो के जा.”

तिच्या तोंडी तो शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. नजीर माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, “अम्मा, वो तेरा पानी है.”

“मेरा नहाना कल हो गया,” ती म्हणाली आणि आवाजाला धार आली. “अब उसे ताजा मत कर, निजाम. किसी कू मत बोल, रजिया कू भी मत बोल. मेरेकू मिट्टी बस है.”

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. नजीरला ‘कल’ कळलं, माफी कळली, आणि त्याचे डोळे भरून आले. पण अर्धंच कळलं होतं त्याला. आज्ञा मोडायची नाही म्हणून तो उठला आणि टॉवेल घेऊन आत गेला. मी त्याला थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही. कडी लागली. झाकण सरकलं. तांब्या बुडाला, पाणी पडलं, साबण फिरल्याचा आवाज आला. मग पुन्हा साबण, जोरात. मग काहीच आवाज आला नाही. मी न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. कडी निघाली आणि फटीतून नजीरचं तोंड दिसलं. केसांत साबणाचा पांढरा चिकटा बसला होता, फेस कुठंच नव्हता, आणि ओला हात त्यानं जिभेला लावलेला होता.

“अब्बा,” तो म्हणाला, “ये तो खारा है. दादी तो कल मीठा बोली थी—”

“हळू बोल,” मी म्हणालो. “ती ऐकतेय.”